राखणदार नसलेलं धरण

मे महिन्यात गावाच्या वरच्या अंगाचं धरण बघायला गेलो होतो. धरण म्हणजे काही कोयना नव्हे. दोन डोंगरांच्या मध्ये मातीची पाळ, एका बाजूला जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा, पाण्यात उभी असलेली विमोचकाची, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेची विहीर आणि तिच्यावर झाकण उचलायचं लोखंडी चाक. धरणाखालच्या वाडीतले एक काका बरोबर होते. धरणावर चौकीदार म्हणून त्यांची उभी हयात गेली, आता निवृत्त आहेत. चाकाला ताजा हिरवा रंग दिलेला होता, लांबूनही उठून दिसत होता. मी म्हटलं, चला, निदान याकडे तरी कुणाचं लक्ष आहे. काका काही बोलले नाहीत. पुढे होऊन त्यांनी चाकाखालच्या दांड्याच्या आट्यांवरून बोट फिरवलं. आट्यांतही रंग भरलेला होता आणि तो कुठेच तुटला नव्हता.

"रंग तुटला नाय, म्हंजे चाक फिरला नाय," काका म्हणाले.

रंगाची पावती फाडली गेली, देखभालीच्या रकान्यात खूण झाली आणि पाणी सोडायचं झाकण जिथल्या तिथे गंजून बसलं. ग्रीसचा डबा रंगाच्या डब्यापेक्षा स्वस्त असेल, पण ग्रीस फोटोत दिसत नाही. कोकणातल्या लहान धरणांचं आजचं दुखणं एका वस्तूत दाखवा असं कुणी म्हटलं, तर मी ते चाक दाखवीन.

धरणांचं वय झालं, म्हणून ती धोक्याची झाली, असं आपण सर्रास बोलतो. मला ते अर्धवट वाटतं. मालवण तालुक्यातल्या धामापूरचा तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या अमलातला. त्याचा बांध आजही पाणी धरून आहे. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान मिळाला. मुंबईचं विहार १८६० चं आणि तानसा १८९२ चं. ब्रिटिश गेले, गिरण्या गेल्या, या धरणांचं पाणी मुंबई अजून पिते आहे. उलट चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेव्हा ते जेमतेम वीस वर्षांचं होतं. भेंदवाडी झोपायच्या तयारीत होती. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, हे त्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षांचा बांध उभा आहे आणि विशीतलं धरण वाहून गेलं. तेव्हा पहिला प्रश्न वयाचा नाही, धरणावर रोज कोण जातं हा आहे. धामापूरच्या काठावर भगवतीचं देऊळ आहे. तिथे माणसांचा राबता आहे. बांधावर काही वेगळं झालं तर दुपारपर्यंत गावभर होतं. आमच्या धरणावर जायला कुणाला कारणच नाही. पाण्याचं बिल नळपाणी योजनेचं येतं आणि पाणी कुठून येतं ते पोरांना ठाऊक नसतं.

तिवऱ्यानंतर तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. सगळा महाराष्ट्र हसला, आंदोलनात जिवंत खेकडे आले. मीही हसलो. आज मात्र वाटतं, हसण्यावारी नेऊन आपण त्या मंत्र्यांना फार स्वस्तात सोडलं. खेकडे मातीत बिळं करतातच. घुशी करतात, वाळवी करते, वठलेल्या झाडाचं मूळ कुजलं की तिथे आयती नळी तयार होते. मातीच्या धरणाची देखभाल म्हणजे निम्म्याहून अधिक काम याच गोष्टींचं: झुडपं काढणं, बिळं बुजवणं, पाळेच्या उतारावरचं ढासळलेलं दगडी अस्तर (पिचिंग) पुन्हा लावणं, पायथ्याची चर मोकळी ठेवणं. खेकड्यांनी धरण पोखरलं असं सरकार म्हणत असेल, तर पुढचा प्रश्न एवढाच की खेकडे पोखरत होते तेव्हा पगारी माणूस कुठे होता? खेकडा काही एका रात्रीत धरण खात नाही.

आमच्या पाळेवर त्या दिवशी रानमोडी कमरेएवढी होती. मधूनमधून ऐनाची रोपं मनगटाएवढी झाली होती. एका ठिकाणी तर कुणीतरी काजूचं कलम लावून त्याला आळंही केलं होतं. आळ्यात पाणी जिरलेलं होतं. कलम जोमात होतं.

धरण पाझरतं यात भिण्यासारखं काही नाही, हेही सांगायला हवं. मातीचं प्रत्येक धरण थोडं पाझरतंच आणि तसं पाझरावं अशीच त्याची रचना असते. आतल्या गाभ्यातून झिरपलेलं पाणी वाळूच्या गाळणीतून खाली उतरतं आणि पायथ्याच्या चरीतून बाहेर पडतं. काकांच्या भाषेत, "पानी येताय त्याचा काय नाय. गढूल व्हायला लागला का मग समजायचा." अभियांत्रिकीच्या पुस्तकातही याहून वेगळं नाही. पाणी नितळ आहे तोवर नुसतं पाणी जातं आहे. गढूळ झालं म्हणजे त्याच्याबरोबर धरणाची माती निघाली. आत नळी पडते, ती वरच्या बाजूला वाढत जाते आणि जलाशयाला भिडली की मग उरतात ते तास, कधी मिनिटं. पाणी सोडायची नळी पाळेखालून जिथे जाते, तिथे हा धोका जास्त, कारण काँक्रीट आणि माती कधीच एकजीव होत नाहीत.

आता हे गढूळपण कुणाला कळणार? उपग्रहाला कळत नाही, तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबाला कळत नाही. रोज सकाळी त्याच चरीपाशी उभं राहणाऱ्या माणसाला कळतं, कारण काल ते पाणी कसं होतं हे त्याने पाहिलेलं असतं. काका चरीतलं पाणी काचेच्या बाटलीत भरून चौकीच्या खिडकीत ठेवायचे. कालची बाटली, आजची बाटली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कायम माणूस आला नाही. आता एकाच माणसाकडे कितीतरी धरणं आहेत आणि तो कंत्राटावर आहे. पावसात त्याची मोटारसायकल धरणाच्या रस्त्याला चढत नाही. त्याला मी दोष देत नाही.

इथे मला खारबंदिस्ती आठवते. पेण-अलिबागकडच्या खाजणात भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले असतात. ते पूर्वी शेतकरी जोळ पद्धतीने राखायचे. प्रत्येकाच्या वाट्याला बांधाचा तुकडा, ठरल्या वेळी सगळ्यांनी उतरून चिखल चढवायचा, खांड गेली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, तर रात्री धावायचं. जो येणार नाही त्याला गावात तोंड दाखवणं कठीण. पुढे १९७९ च्या खारजमीन विकास कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. हेतू चांगला होता. यंत्रं येतील, दगड येतील, गरिबाची वेठ सुटेल. झालं असं की बांध सरकारचा झाला, जोळ मोडली आणि खांडी मात्र शेतकऱ्याच्या शेतातच जात राहिल्या. हजारो एकर पिकती जमीन खारवटली, तिथे कांदळवन माजलं.

धरण जोळीने राखता येणार नाही, हे मला कळतं. दहा लाख घनमीटर पाणी म्हणजे दहा लाख टन वजन. ते घमेल्याने आणि एकजुटीने आवरत नाही, त्याला रोलर, चाचण्या आणि जाणता अभियंता लागतो. पण जोळीत एक गोष्ट होती, जी खात्यात नाही. बांध फुटला तर ज्याचं बुडणार, त्याच्याच हातात बांधाची राखण होती. आपल्याकडे गावाच्या सीमेवरच्या राखणदाराला दर वर्षी राखण देतात. नारळ फुटतो, कोंबडा पडतो, गाऱ्हाणं घातलं जातं. माणसं ते विसरत नाहीत, कारण विसरलं तर काय होईल याची धास्ती असते. धरणाच्या बाबतीत ज्याला धास्ती आहे त्याच्या हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात सही आहे तो दीडशे किलोमीटरवर कोरड्यात बसलेला असतो.

त्यातून आपल्या दुरुस्तीचं वेळापत्रक उलटं. धरण गळतं ते भरल्यावर, म्हणजे जुलैत. तेव्हा वर्दी जाते. पाऊस असतो, काम करता येत नाही. पाणी उतरतं मार्च-एप्रिलमध्ये. तोवर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा असा कागदाचा प्रवास चाललेला असतो. पैसा मार्चअखेरीस सुटतो आणि ठेकेदार मेच्या मध्याला उगवतो. आता मातीचं काम असं असतं की पातळ थर टाकायचा, हवी तेवढीच ओल ठेवायची, रोलर फिरवायचा, घट्टपणा तपासायचा, मग दुसरा थर. हे सगळं पावसाच्या तोंडावर पंधरा दिवसांत उरकायचं म्हटलं की काय होतं? डंपर रिकामे होतात, जेसीबीच्या बकेटने थापटलं जातं आणि सात जूनच्या सुमाराला त्या भुसभुशीत मातीवर कोकणचा पाऊस पडतो. असली दुरुस्ती न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट, कारण गाव निर्धास्त होतं.

पैशाची ओरड खोटी नाही, पण पुरी खरीही नाही. नवीन धरणाचं भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, जेवणावळ उठते. कोकणात अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांच्या खुणा डोंगराडोंगरांवर आहेत आणि २०१२ च्या सिंचन घोटाळ्याच्या चर्चेत कोकणातल्या धरणांची नावं किती वेळा आली, ते वाचकांना आठवत असेल. बुजवलेल्या बिळाचं उद्घाटन करायला मात्र कोण आमदार येणार? माझं स्पष्ट मत आहे: ज्या तालुक्यात आहे त्या धरणांची झाकणं फिरत नाहीत, तिथे नव्या धरणाला एक रुपया देऊ नये. यावर इकडचेच लोक माझ्यावर चिडतील. चिडोत.

दुसरी एक समजूत मला जास्त घातक वाटते. धरण पूर अडवतं, ही. चिपळूण २२ जुलै २०२१ ला बुडालं, महाड बुडालं, त्यानंतर वर आणखी धरणं बांधा असा सूर जोरात निघाला. जरा हिशेब करू. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी. धरणाचं पाणलोट क्षेत्र दहा चौरस किलोमीटर धरा आणि दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस धरा. सह्याद्रीच्या पायथ्याशी जुलैत असा दिवस नवलाचा नाही. जमीन आधीच तुडुंब भिजलेली, म्हणजे जवळपास सगळं पाणी ओढ्याला. झाले वीस लाख घनमीटर. आपली कितीतरी लघुपाटबंधारे धरणं एवढ्यात काठोकाठ भरतात. एका दिवसात! जुलैच्या मध्यावर ती भरलेलीच असतात आणि भरलेलं धरण पूर अडवत नाही, तो सांडव्यावरून पुढे ढकलतं. त्या वेळी खाडीत उधाणाची भरती असेल, तर पाणी बाजारपेठेत शिरणारच.

पूर अडवायचा असेल तर धरणात जागा रिकामी ठेवावी लागते. मेमध्ये टँकर नको असेल तर धरण भरून ठेवावं लागतं. एकाच भांड्याकडून दोन्ही मागायचं, तर पावसाळाभर कुणीतरी झाकण वरखाली करत बसायला हवं, आणि आपलं झाकण तर रंगाने चिकटलेलं. कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठी नदीत कधी किती पाणी सोडायचं यावर चिपळूणकर इतकी वर्षं भांडतात, तिथे निदान भांडायला झडपा आहेत. लहान धरणांवर सांडवा बहुतेक बिनदरवाजाचा असतो. पाणी आपल्या मनाने येतं, आपल्या मनाने जातं. आणि सांडवा जेवढ्या पुरासाठी बांधला, त्याहून मोठा पूर आला तर पाणी मातीच्या पाळेवरूनच उडी घेतं. मातीच्या धरणाला हे सोसत नाही. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरवी शहरावरचं मच्छू धरण असंच गेलं. आपले सांडवे ज्या पावसाच्या आकड्यांवर बेतले, ते आकडे जुने आहेत. पाऊस आता कमी दिवसांत जास्त कोसळतो आहे. ही आकडेमोड धरणागणिक नव्याने व्हायला हवी. त्याला माती लागत नाही, सिमेंट लागत नाही, हिशेब येणारी माणसं लागतात आणि ती नाशिकला जलसंपदेच्या संस्थांमध्ये बसलेली आहेत.

कायदा नाही असंही नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. पावसाआधी आणि पावसानंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, राज्याची सुरक्षा यंत्रणा, सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना सरसकट लागू होतो आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. दहा मीटरच्या आतला पाझर तलाव, गाव तलाव त्याच्या खिजगणतीत नाही. घाटावरच्या सपाटीला हे माप चालेल. इथे ओढ्याच्या उतारावर वाडी वसलेली असते, पाळेपासून अंगणापर्यंत हाकेचं अंतर. आठ मीटरची पाळ फुटली तरी त्या वाडीला पुरेशी आहे. महाराष्ट्रात मोठी धरणंच दोन हजारांवर, देशात सर्वांत जास्त. लहानांची मोजदाद तर विचारूच नका.

यावर खात्यातल्या माणसांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. गावकरी साधू आहेत का? पिचिंगचे दगड कुणाच्या गडग्यात गेले? चौकीचे पत्रे, विमोचकाच्या शिडीचे पाईप, चोरून कुणी नेले? सांडव्याच्या पुढे ओढ्यात घर कुणी बांधलं आणि त्याला घरपट्टी कुणी लावली? खरं आहे. ते काजूचं कलमही काही खात्याने लावलेलं नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: गळक्या धरणाची पातळी कमी करायला एखादा शाखा अभियंता पुढे आलाच, तर पहिला विरोध गाव करतं. पाणी सोडलंत तर मेमध्ये आम्ही काय पिऊ? बिचारा घाबरतो, वर विचारतो, वरचा त्याच्या वर विचारतो. तोवर धरण भरत राहतं.

म्हणूनच माझा सगळा भर एका अधिकारावर आहे. पाणी गढूळ दिसलं की धरणाची पातळी उतरवायचा अधिकार जागेवरच्या माणसाकडे लेखी हवा. फोन न करता, परवानगी न मागता. नंतर गळती किरकोळ ठरली, तर त्याच्याकडून खुलासा मागायचा नाही आणि त्या गावाला उन्हाळ्यात टँकर देण्याची हमी आधीच लिहून ठेवायची. २०२१ च्या जुलैत मंडणगड तालुक्यातल्या पणदेरी धरणाला गळती लागली, तेव्हा खालच्या वाड्यांतली माणसं हलवली गेली. तिवरं ताजं होतं, म्हणून यंत्रणा हलली, असं मला वाटतं. अशी आठवण दर पाच-सहा वर्षांनी वीस माणसं मारून ताजी करायची का?

चौकीदार त्याच वाडीतला हवा, आणि बारमाही. त्याच्या नोंदवहीचं पान दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवं: पातळी किती, चरीतलं पाणी किती, नितळ की गढूळ. गावातल्या पोरांनी फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवू दे. चुकीच्या अफवा उठतील, उठू देत. अफवेने कुणी बुडत नाही. जे धरण धड दुरुस्त होणार नाही, ज्याचं पाणी गाळाने निम्म्यावर आलं आहे आणि खाली वस्ती आहे, त्याचा सांडवा खाली कापून त्याला कायमचं लहान करावं. धरण मोडायचं म्हटलं की आपल्याला पोटचं मूल मारल्यासारखं होतं. कोयनेचं धरण ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तडकलं, तेव्हा सगळं राज्य त्याच्या मजबुतीला लागलं, कारण राज्याची वीज त्यात अडकली होती. आमच्या धरणात अडकली आहे ती फक्त आमची वाडी.

काकांना मी विचारलं, आता इथे कुणी पाणी बघतं का. म्हणाले, मी येतो की. गुडघे धरतात, तरी येतो. बाटल्या चौकीत नाहीत, कारण चौकीला कुलूप आहे आणि किल्ली तालुक्याला. त्या आता त्यांच्या पडवीत असतात, चुन्याच्या डबीशेजारी.

१ मेची ग्रामसभा असते. चाकरमानीही तोवर गावात आलेले असतात. ठराव-बिराव नंतर बघू. खात्याच्या माणसाला त्या दिवशी धरणावर बोलवा आणि सगळ्यांसमोर ते चाक फिरवून दाखवायला सांगा. खाली नळीतून पाणी आलं तर बरंच झालं. नाही आलं, तर पावसाला अजून पाच आठवडे आहेत.